शिकायचे मालकासाठी, फी मात्र आपली

पूर्णा जंक्शन हे आपल्या परभणी जिल्ह्यातले रेल्वेचे गाव. पेरणी-काढणीपेक्षा गाड्यांच्या वेळापत्रकावर ज्यांच्या चुली पेटल्या अशी मराठवाड्यात जी थोडी गावे आहेत, त्यांत पूर्णेचे नाव आधी घ्यावे लागेल. निजामाच्या राज्यात शतक उलटता उलटता मनमाड ते सिकंदराबाद अशी मीटरगेज लाइन पडली आणि पुढे पूर्णेला वाफेच्या इंजिनांची शेड आली. ड्रायव्हर, फायरमन, फिटर यांच्या पिढ्या तिथे वाढल्या. मग वाफ गेली, डिझेल आले. १९९०च्या दशकात मनमाडकडून ब्रॉडगेज आली, २००८ साली अकोल्याकडची लाइनही रुंद झाली आणि गेल्या काही वर्षांत डोक्यावर विजेच्या तारा आल्या. दर वेळी इंजिन बदलले, आणि दर वेळी ते चालवणाऱ्या माणसाला नव्याने शिकावे लागले. डिझेलवरच्या माणसाला विजेच्या इंजिनावर बसवण्याआधी रेल्वे त्याला आपल्या प्रशिक्षण केंद्रात पाठवते. रेल्वेत त्याला 'कन्व्हर्जन' म्हणतात. तेवढे दिवस त्याचा पगार चालू असतो. "इंजिन बदलले आहे, शिकायचे असेल तर पंचवीस लाख आण," असे त्याला कोणी म्हणत नाही.

रेल्वेने मध्यंतरी ड्रायव्हर हा शब्द कागदोपत्री काढून टाकला आणि त्याला 'लोको पायलट' केले. पूर्णेतले जुने लोक अजून ड्रायव्हरच म्हणतात, ते सोडा. पण या नव्या नावामुळे एक गंमत झाली आहे. आता जिल्ह्यात दोन प्रकारचे पायलट होऊ पाहणारी मुले आहेत. एकाला मालक शिकवतो आणि शिकताना विद्यावेतनही देतो. दुसऱ्याच्या बापाला मात्र मुलगा नोकरीला लागण्याआधी, आणि पुष्कळदा नोकरी लागली म्हणूनच, वावर विकायची वेळ येते. हा लेख या दुसऱ्या पायलटविषयी आहे.

विमानाचा वैमानिक कसा होतो, हे आपल्याकडे नीट ठाऊक नसते. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवे. हवाई नियम, दिशाज्ञान, हवामानशास्त्र वगैरे विषयांच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या परीक्षा द्याव्या लागतात. रेडिओवर बोलण्याचा परवाना वेगळा, डॉक्टरी तपासणी वेगळी. त्यानंतर एखाद्या फ्लाइंग स्कूलमध्ये लहानशा विमानावर दोनशे तास उड्डाण. महाराष्ट्रात गोंदियाजवळ बिरसीला, धुळ्याला, शिरपूरला, बारामतीला अशी शिक्षणाची ठिकाणे झाली. एवढे झाले की व्यावसायिक परवाना मिळतो. यात पन्नास लाख रुपयांच्या आसपास रक्कम सहज जाते, आणि परदेशात गेल्यास त्याहून अधिक.

घरात पेढे वाटले जातात ते या वेळी. पण पेढे वाटणाऱ्यांना पुष्कळदा माहीत नसते की हा परवाना हातात घेऊन मुलाला प्रवाशांच्या मोठ्या विमानात बसता येत नाही. एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ चालवायचे तर त्या विशिष्ट जातीच्या विमानाचे शिक्षण स्वतंत्रपणे घ्यावे लागते. त्याला टाइप रेटिंग म्हणतात. काही आठवडे वर्ग, मग सिम्युलेटर. सिम्युलेटर म्हणजे जमिनीवरच हलणारी, कोट्यवधी रुपयांची नकली कॉकपिट. तिच्यात इंजिन पेटल्याची, एक इंजिन बंद पडल्याची, धुक्यात उतरण्याची तालीम होते. शेवटी खऱ्या विमानावर उड्डाणे आणि उतरणे. याचा खर्च साधारण पंधरा ते पंचवीस लाख. काही कंपन्यांनी तर सुरुवातीपासून शेवटपर्यंतचा एकच सलग अभ्यासक्रम काढला आहे. निवड कंपनी करते, शिक्षण कंपनीने ठरवलेल्या संस्थेत होते आणि खर्च कोटीच्या घरात जातो. तो मुलाने करायचा.

माझ्या ओळखीचे एक शेतकरी सेलू तालुक्यातले. जायकवाडीच्या कालव्याची थोडी ओलिताची जमीन, बाकी कोरडवाहू. कापूस, सोयाबीन, तूर. मुलगा हुशार, परवाना मिळवून बसलेला. कंपनीकडून निवडीचे पत्र आले तेव्हा ते कागदांची फाइल घेऊन माझ्याकडे आले. "साहेब, तुम्ही बँकेत होता. एवढं वाचून सांगा. नोकरी लागली म्हणतेत, अन् पैसे भी आम्हीच भरायचे म्हणतेत. हे कसं काय?" वाक्य एवढेच, पण माझ्या सगळ्या नोकरीत कर्जाच्या अर्जावर इतका नेमका शेरा मी मारला नव्हता.

बँकेच्या खुर्चीतून हा व्यवहार कसा दिसतो ते सांगतो. शैक्षणिक कर्जाच्या नेहमीच्या योजनेत चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत तिसऱ्या माणसाचा जामीन चालतो, त्यावर मात्र स्थावर तारण लागते. इथे गोष्ट ऐंशी लाखांची. शेतकऱ्याला वाटते, दहा एकर काळी जमीन आहे, मग तारणाची काय चिंता? पण थकलेल्या कर्जाची वसुली बँकांना कोर्टाबाहेर करता यावी म्हणून २००२ साली जो कायदा झाला, त्यातून शेतजमीन वगळली आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते योग्यच झाले. मात्र त्याचा दुसरा परिणाम असा की मोठ्या कर्जाला शेतजमीन तारण म्हणून घ्यायला शाखाधिकारी नाखूश असतो. तो विचारतो, "परभणीला घर आहे का? एन.ए. प्लॉट आहे का?" ज्याच्याकडे आहे त्याचे काम होते. ज्याच्याकडे फक्त वावर आहे, त्याला ते तारण ठेवता येत नाही. विकता मात्र येते.

आता हिशेब करू. समजा पंचावन्न लाखांचा परवाना आणि पंचवीस लाखांचे टाइप रेटिंग, एकूण ऐंशी लाखांचे कर्ज. व्याज अकरा टक्के धरा, मुदत पंधरा वर्षे. महिन्याचा हप्ता सुमारे एक्याण्णव हजार रुपये येतो, आणि पंधरा वर्षांत एकूण फेड एक कोटी त्रेसष्ट लाखांच्या पुढे जाते. नोकरी लागायला उशीर झाला तर नुसते व्याजच महिन्याला त्र्याहत्तर हजार चढते. शिवाय परवाना म्हणजे काही कपाटात ठेवायची पदवी नव्हे. डॉक्टरी तपासणी दर वर्षी करावी लागते आणि उड्डाणाचा सराव ताजा ठेवावा लागतो. म्हणजे बेकार वैमानिक घरी बसूनही खर्च करतच असतो. बी.ए. होऊन बेकार राहणे त्या मानाने स्वस्त.

नोकरी लागली की पगार चांगला असतो, हे खरेच आहे. कॅप्टन झाल्यावर तर आपल्या जिल्ह्यात कोणी ऐकला नसेल असा आकडा. म्हणूनच पुष्कळ जण म्हणतात, एवढे कमावणार आहेत तर भरू देत की स्वतः. डॉक्टर, इंजिनियर नाही का भरत? या प्रश्नाला उत्तर द्यायला हवे, कारण त्यात निम्मे तथ्य आहे.

परवान्याचे शिक्षण हे डॉक्टर-इंजिनियरांच्या पदवीसारखे आहे. ते माणसाबरोबर जाते, कुठेही चालते. त्याचा भार माणसाने उचलावा, गरिबाला सरकारने हात द्यावा, इथवर मला मान्य आहे. केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत अनुसूचित जातींच्या मुलांसाठी वैमानिक परवान्याचा अभ्यासक्रम धरला गेला, नागपूरच्या महाज्योती संस्थेने इतर मागास आणि भटक्या समाजातल्या मुलांसाठी नागपूर फ्लाइंग क्लबच्या मदतीने अशी योजना आणली, ही चांगलीच गोष्ट. पण टाइप रेटिंग ही निराळी वस्तू आहे. कोणते विमान घ्यायचे हे मुलगा ठरवत नाही, कंपनी ठरवते. उद्या कंपनीने एअरबस सोडून बोइंग घेतले तर कालचे पंचवीस लाख तिथे कामाला येत नाहीत. नव्या मशीनवर माणूस तयार करण्याचा खर्च हा मशीनच्या किमतीतच धरायचा असतो, ही साधी कारखानदारी आहे. जिंतूर रोडवरचा जिनिंगवालासुद्धा नवे मशीन बसवल्यावर ते चालवायला शिकण्याची फी कामगाराकडून घेत नाही.

गॅरी बेकर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६४ साली याच विषयावर ग्रंथ लिहिला आणि पुढे त्याला नोबेल मिळाले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की जे कौशल्य सगळीकडे चालते त्याचा खर्च शेवटी कामगार सोसतो आणि जे एकाच कारखान्यात चालते त्याचा खर्च मालकाला सोसावा लागतो. टाइप रेटिंगची पंचाईत अशी की ते दोहोंच्या मध्ये येते. एअरबसचे शिक्षण घेतलेला माणूस एअरबस वापरणाऱ्या दुसऱ्या कोणत्याही कंपनीत जाऊ शकतो. कंपन्यांची तक्रार हीच असते. आम्ही पैसे घालून शिकवायचे आणि तयार माल शेजाऱ्याने उचलायचा. तक्रार खोटी नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये अकासा एअर या नव्या कंपनीचे त्रेचाळीस वैमानिक अचानक सोडून गेल्याचे कंपनीने कोर्टात सांगितले, तेव्हा तिची उड्डाणे रद्द होत होती. त्याआधी २०१७ साली महासंचालनालयाने कॅप्टनसाठी एक वर्ष आणि सहवैमानिकासाठी सहा महिने इतकी नोटिशीची मुदत ठरवली, तीही याच भीतीपोटी.

पण या भीतीवर उपाय जुनाच आहे आणि तो आपल्या कोर्टांनी पुष्कळ वर्षांपूर्वी मान्य केला आहे. निरंजन शंकर गोळीकरी या मराठी तंत्रज्ञाचा खटला कायद्याच्या विद्यार्थ्यांना पाठ असतो. कल्याणजवळच्या सेंच्युरी कंपनीने टायरसाठी लागणारा धागा बनवण्याचा कारखाना काढला, परदेशी कंपन्यांकडून तंत्र आणले आणि १९६३ साली गोळीकरींना नऊ-दहा महिने ते शिकवले. करार पाच वर्षांचा होता. मध्येच सोडले तर सहा महिन्यांच्या पगाराइतकी भरपाई आणि शिक्षणाचा खर्च परत, असे कलम होते. १९६४ साली ते सोडून राजस्थानात कोट्याला तोच धागा बनवणाऱ्या दुसऱ्या कंपनीत गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले आणि १९६७ साली निकाल कंपनीच्या बाजूने लागला. कराराच्या मुदतीपुरते असे बंधन घालणे म्हणजे माणसाच्या धंद्यावर बंदी नव्हे, असे न्यायालयाने धरले.

यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. सेंच्युरीने गोळीकरींना शिकवण्याआधी त्यांच्याकडून पैसे घेतले नव्हते. आधी मालकाने खर्च केला, मग हक्क सांगितला.

अगदी अलीकडचा, मे २०२५ मधला निकाल तर आमच्या धंद्यातलाच. विजया बँकेच्या एका अधिकाऱ्याने २००७ साली वरची जागा घेताना तीन वर्षे न सोडण्याचा, सोडल्यास दोन लाख देण्याचा बाँड लिहून दिला होता. २००९ साली ते दुसऱ्या बँकेत गेले, दोन लाख तक्रार नोंदवून भरले आणि कोर्टात गेले. कर्नाटक उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला, सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. सरकारी बँकेला माणूस नेमायचा तर जाहिरात, परीक्षा, मुलाखती एवढा खटाटोप करावा लागतो, आणि त्या हुद्द्याच्या पगाराकडे पाहता दोन लाख काही भारी नाहीत, असा विचार त्यामागे होता. निकाल लागला तेव्हा विजया बँकच उरली नव्हती. १ एप्रिल २०१९ रोजी ती बँक ऑफ बडोदात विलीन झाली होती. नोकर तीन वर्षे टिकावा म्हणून बाँड असतो. मालक किती वर्षे टिकावा यासाठी मात्र कोणी कुठे बाँड लिहून देत नाही.

वैमानिकांच्या बाबतीत हे वाक्य विनोदाचे राहत नाही. किंगफिशर ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला थांबली. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट थांबली. मध्ये २०२० सालची महामारी. विमानकंपनी बुडाली की तिची विमाने भाड्याने देणारे आपली विमाने घेऊन जातात, कर्ज देणाऱ्या बँका दिवाळखोरीच्या कोर्टात रांग लावतात. तिच्या सांगण्यावरून वीस-पंचवीस लाख घालून शिकलेल्या मुलाचा हप्ता मात्र दर महिन्याच्या त्याच तारखेला येतो. कंपनीचे संचालक मर्यादित जबाबदारीचे धनी, आणि सेलू तालुक्यातला जामीनदार बाप अमर्याद जबाबदारीचा.

आमच्या पिढीचे नशीब वेगळे होते, हे कबूल केले पाहिजे. मी बँकेत लागलो तेव्हा लेजर हाताने लिहायचे. संगणक आले तेव्हा बँकेनेच आम्हाला आठवडा-आठवडा प्रशिक्षण महाविद्यालयात नेले, राहायला-जेवायला दिले, भत्ता दिला. त्या वेळी माऊस हातात धरताना घाम फुटणारे माझे सहकारी मला आठवतात. बँकिंगच्या परीक्षा पास झालो की वेतनवाढ मिळायची. म्हणजे शिकण्याचे पैसे मालक देत होता, वर बक्षीसही. २०१०नंतर हे चित्र बँकांतही पालटले. काही बँकांनी खासगी शिक्षणसंस्थांबरोबर वर्षभराचे अभ्यासक्रम काढले. आधी निवड, मग तीन-साडेतीन लाखांची फी, मग नोकरी. फीसाठी कर्ज तीच बँक देणार आणि हप्ता पगारातून कापणार. विमानाचा रिवाज जमिनीवर उतरला तो असा. उद्या तो आणखी कुठे जाईल याची मला जास्त काळजी वाटते. वैमानिक थोडे असतात. बाकीच्या नोकऱ्या लाखांनी आहेत.

परभणीत २०२३ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तिथून डॉक्टर होणाऱ्याला एक वर्ष सरकारी सेवा करावी लागते, नाही तर दहा लाख भरावे लागतात. त्या मुलांची कुरकुर असते. पण तिथे समाजाने आधी घातलेले असते आणि मग परत मागितलेले असते. हवाई दलही वैमानिक सरकारी खर्चाने घडवते आणि त्याच्याकडून सेवेची वर्षे घेते. यांतला न्याय कोणालाही समजतो. शिक्षणाचे पैसेही मुलाने भरायचे आणि वर सोडून न जाण्याचा बाँडही त्यानेच लिहायचा, असा दुहेरी कागद मात्र मी माझ्या डोळ्यांनी वाचला आहे. त्याला माझ्या भाषेत एकाच मालावर दोनदा तारण घेणे म्हणतात.

कंपन्या म्हणतात, तिकिटे स्वस्त ठेवायची तर खर्च कुठून तरी काढला पाहिजे. मी एका दुपारी कागदावर आकडेमोड केली. सहवैमानिक महिन्याला चाळीस उड्डाणे करतो आणि प्रत्येकात दीडशे प्रवासी असतात असे धरा. महिन्याला सहा हजार, तीन वर्षांत दोन लाख सोळा हजार प्रवासी. पंचवीस लाख त्यांच्यावर वाटले तर माणशी बारा रुपयेसुद्धा पडत नाहीत. विमानतळावरचा चहा त्याच्या दसपट महाग असतो. प्रवाशाच्या बारा रुपयांसाठी एखाद्या घराचे ओलिताचे वावर जावे, हा हिशेब माझ्या तरी गळी उतरत नाही.

प्रश्न प्रवाशाच्या जिवाचाही आहे, पण इथे जपून बोलायला हवे. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री अमेरिकेत बफेलो शहराजवळ कोल्गन एअरचे विमान एका घरावर पडले. विमानातले एकोणपन्नास आणि जमिनीवरचा एक, असे पन्नास जीव गेले. विमान थांबण्याच्या बेतात असल्याचा इशारा मिळाल्यावर कॅप्टनने उलटीच कृती केली, असा तपासाचा निष्कर्ष होता. त्या चौकशीत सगळ्या अमेरिकेला कळले की तुटपुंज्या पगारावरची सहवैमानिक आईवडिलांकडे राहून रात्रभर प्रवास करून कामावर आली होती, आणि कॅप्टन पूर्वी अशा संस्थेतून आला होता जिथे शिकाऊ वैमानिक स्वतःचे पैसे मोजून उड्डाणाचे तास मिळवत. पैसे भरले म्हणून अपघात झाला, असे कोणी म्हटले नाही आणि मीही म्हणत नाही. पण एक्याण्णव हजारांचा हप्ता डोक्यावर असलेला पंचविशीतला मुलगा "मी आज थकलोय, विमान नेणार नाही" हे किती सहज म्हणेल, याचा विचार आपण तिकीट काढताना करावा. आपल्याकडे २०११ साली खोट्या गुणपत्रिकांवर परवाने मिळवल्याची प्रकरणे बाहेर आली. लबाडीला क्षमा नाही. मात्र जिथे मागे फिरण्याचा रस्ता कर्जाने बंद केलेला असतो, तिथे आडवाटा फुटतात, हे कर्ज वाटण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला कोणी शिकवावे लागत नाही.

आणि मुलींचे काय? कॅप्टन सौदामिनी देशमुख यांचे नाव माझ्या पिढीने १९८५ साली वाचले. सगळ्या बायकांनीच चालवलेल्या विमानाचे नेतृत्व त्यांनी केले होते. आज भारतात वैमानिक स्त्रियांचे प्रमाण जगातल्या बहुतेक देशांहून जास्त आहे. पण मुलाच्या परवान्यासाठी वावर काढणारा बाप मुलीसाठी ते काढील, असे आमच्याकडे अजून क्वचितच घडते. तिच्यासाठी वावर काढायचे ते लग्नाला. निवड बुद्धीऐवजी घरच्या सात-बारावर होऊ लागली की पहिल्यांदा गळतात त्या या मुली.

फेब्रुवारी २०२३ मध्ये एअर इंडियाने चारशे सत्तर विमानांची आणि जूनमध्ये इंडिगोने पाचशे विमानांची मागणी नोंदवली. डिसेंबर २०२५ मध्ये विश्रांतीचे नवे नियम पाळायला वैमानिक कमी पडले, तेव्हा इंडिगोची उड्डाणे हजारोंनी रद्द झाली. म्हणजे गरज कंपन्यांना आहे. गरजवंताने फी मागावी हा प्रकार टिकतो तो एवढ्यासाठी की परवाना घेऊन दारात उभी असलेली कर्जबाजारी मुले त्याहून गरजवंत आहेत. महासंचालनालय वैमानिकाची झोप, नोटीस, तब्येत यांचे नियम करते. टाइप रेटिंगचा खर्च कंपनीने करावा, बदल्यात तीन वर्षांचा बाँड घ्यावा, आणि बाँडची रक्कम दर महिन्याला छत्तिसाव्या हिश्शाने कमी होत जावी, असा एक नियम त्यात बसायला हरकत नसावी. कंपनीनेच नोकरी संपवली किंवा कंपनीच संपली, तर बाँडही संपला.

तो नियम होईल तेव्हा होवो. सेलूच्या त्या गृहस्थांना मी चार गोष्टी लिहून दिल्या. नेमणुकीच्या पत्रात रुजू होण्याची तारीख आहे की नुसता 'गरजेनुसार' असा शब्द आहे, ते पाहा. पैसे एकरकमी भरू नका, शिक्षणाच्या टप्प्यांप्रमाणे भरण्याची अट घाला. मुलाच्या नावे विमा काढा आणि डॉक्टरी तपासणीत परवाना गेला तर काय, हे त्या विम्यात लिहिलेले आहे का ते वाचा. आणि कंपनी बंद पडली तर भरलेल्या पैशांचे काय होईल, हे लेखी विचारा. चौथ्या गोष्टीवर ते थोडे थांबले. "साहेब, हे विचारलं तर पोराची निवड रद्द नाही ना होणार?" त्यांनी विचारले. मला ठामपणे नाही म्हणता आले नाही. पत्राचा मसुदा मात्र मी करून दिला आहे, आणि तो त्यांनी रजिस्टर्ड पोस्टाने पाठवला आहे.